जन्मकालीन बाहुघात व खांद्याचा प्रश्न

प्रसूतीच्या वेळी मूल अडले आणि मान व खांदा यांमध्ये अतिरिक्त ताण पडला, तर मानेतून बाहूत उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यास इजा होऊन हात लुळा पडतो. या विकारास 'जन्मजात' म्हणणे युक्त नव्हे. तो गर्भाबरोबर वाढलेला नसतो. 'जन्मकालीन' हीच संज्ञा योग्य होय. विल्यम स्मेली यांच्या १७६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा अर्भकाची नोंद आहे. द्यूशेन यांनी १८७२ मध्ये प्रसूतीशी त्याचा संबंध नावातच बांधून टाकला. १८७४ साली एर्ब यांनी विजेच्या साह्याने इजेचा बिंदू पाचव्या व सहाव्या ग्रैव मज्जातंतूंच्या संगमाशी निश्चित केला. पुढे विकार बहुधा त्यांच्याच नावाने ओळखला गेला. द्यूशेन यांच्यावर हा थोडा अन्यायच झाला.

या नामावळीत खांदा मात्र मागे पडला. मज्जातंतू पुष्कळसे सावरले, तरी बाहू आत फिरवणारे स्नायू बळकट आणि बाहेर फिरवणारे दुर्बल राहतात. या विषम ओढीने सांधा आखडतो, दंडाच्या हाडाचे डोके मागे सरकते व त्याची खोबण वाढत्या वयात विरूप होते. फिलाडेल्फियाच्या टर्नर टॉमस यांनी १९१४ मध्ये सांध्याची इजाच मूळ मानली. ते मत टिकले नाही. सांधा तपासलाच पाहिजे, हा त्यातील आग्रह मात्र खरा होता. फेअरबँक यांनी १९१३ मध्येच आखडलेला स्नायू व सांध्याचे पुढील आवरण छेदण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. सीव्हर यांनी आवरण राखले. लेपिस्कोपो यांनी १९३४ मध्ये आत फिरवणाऱ्या स्नायूची जोडणी हलवून त्यालाच बाहेर फिरवण्याच्या कामी लावले. ही कल्पना खरोखर चतुर होती.

माले यांची १९७२ ची मापनपद्धती हात तोंडाशी, मानेमागे, पाठीशी नेण्यासारख्या पाच हालचालींवर उभी आहे. सांगितलेले समजणाऱ्या मुलासाठीच ती उपयोगी; अर्भकाला ती लावता येत नाही. तेथे बाहू कुशीशी टेकवून, कोपर वाकवून, खांद्याचा फरा स्थिर धरून हात हलकेच बाहेर फिरवावा लागतो. ही फिरत प्रत्येक तपासणीत घटू लागली, तर थांबणे धोक्याचे. जिल्बेर यांच्या पंथात तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकवणारा स्नायू जागा होतो की नाही, यावर मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. खांद्याचे वेळापत्रक निराळे आहे: कोपर वाकू लागलेल्या बाळाचा सांधाही पहिल्या वर्षाच्या आतच मागे निखळलेला आढळू शकतो.