नर्सिंगला जायचंय? फी भरण्याआधी कोर्समधला फरक समजून घ्या

बारावीनंतर लवकर नोकरी मिळावी म्हणून अनेक जण नर्सिंगकडे वळतात. पण ‘नर्सिंग’ असं नाव दिलेला प्रत्येक कोर्स करून नर्स होता येत नाही.

एएनएम: कालावधी २ वर्षं. बारावी पास, शाखा कोणतीही चालते. वय १७ ते ३५. गावातल्या उपकेंद्रात लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी करणाऱ्या ‘सिस्टर’ बहुतेकदा एएनएम असतात.

जीएनएम: कालावधी ३ वर्षं. बारावीला इंग्रजी विषय हवा, खुल्या प्रवर्गाला किमान ४०% गुण. नोंदणी झालेल्या एएनएमलाही पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो.

जनरल ड्युटी असिस्टंट: काही महिन्यांचं प्रशिक्षण. रुग्णाला भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं ही कामं. ती मोलाची असली, तरी या प्रमाणपत्रावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही आणि सरकारी नर्सच्या पदासाठी अर्जही करता येत नाही.

महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते. त्यामुळे फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: “कोर्स संपल्यावर कौन्सिलची नोंदणी मिळेल का?” आणि संस्थेचं नाव कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः तपासा.