काळ्या लोकरीचे सूत

दख्खनच्या कोरड्या पठारावर रुळलेल्या दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड आणि केसाळ असून वर्षाकाठी एका मेंढीच्या अंगावरून ती किलोभरही उतरत नाही. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीच्या मापाने ही लोकर हलक्या प्रतीची ठरते आणि विसाव्या शतकात विदेशी मेंढ्यांशी संकराचे प्रयोग झाले तेही याच मापाने. परंतु ते मापच येथे गैरलागू होते, कारण दोन सुयांवर विणलेल्या स्वेटरसारखे अंगाशी बिलगणारे वस्त्र या लोकरीतून कधी करायचेच नव्हते, तर उघड्या माळावर मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराला पाऊस, वारा व थंडी झेलणारी घोंगडी हवी होती.

कातरलेली लोकर पिंजून तिचे पेळू, म्हणजे कताईसाठी वळलेल्या सैल गुंडाळ्या, केले जात आणि घरातील स्त्रिया रहाटावर त्यांचे सूत काढत. एका हाताने चाक फिरवताना दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तंतू किती सुटू द्यायचे, हे बोटांनाच कळावे लागे. पीळ सैल राहिला तर सूत मागावर तुटे आणि फार बसला तर घोंगडी ताठर होई. कोकराची पहिली लोकर, जिला बाळाच्या पहिल्या केसांप्रमाणेच जावळ म्हणतात, सर्वांत मऊ असल्याने तिच्या घोंगडीला विशेष मान होता. पुढे ताणा, म्हणजे उभे धागे, मोकळ्या जागेत ताणून त्यांवर चिंचोक्यांची शिजवलेली खळ कुंच्याने चढवली जाई आणि मग सनगर किंवा खुटेकर धनगर या विणकर जातींचे लोक ते खड्ड्याच्या मागावर विणत. रंगाची गरज नव्हती. मेंढीचा काळा रंग हाच घोंगडीचा रंग.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणूनच घोंगडीची खोळ पावसात उपयोगी पडते. मात्र ती एकदा पुरती भिजली की लवकर वाळत नाही, आणि रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणणाऱ्या मराठीने हा अनुभव नेमका टिपला आहे. धनगरांचे दैवत असलेल्या बिरोबाच्या उपासनेतही घोंगडीला पवित्र स्थान आहे. धनगरांच्या दैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोन्थायमर यांच्या लेखनातून या दैवतांचे माळरानाशी व मेंढपाळीशी असलेले घट्ट नाते उलगडते, आणि त्या नात्यात घोंगडीही येते.

गिरणीतील स्वस्त ब्लँकेटे खेड्यांपर्यंत पोहोचली आणि मटणाचा भाव चढत गेला, तशी जत भागातील माडग्याळसारखी, अंगाने थोराड पण लोकरीने तोकडी मेंढी कळपांत वाढली. हा बदल मेंढपाळांनी पोटासाठी केला आणि त्यांना त्याचा दोष देता येत नाही. पण त्याची खरी किंमत सूत कातणाऱ्या स्त्रियांनी मोजली, कारण विणकराचे नाव निदान जातीच्या नावात उरले, तर त्याच्या मागाला सूत पुरवणाऱ्या हातांची वेगळी नोंद फारशी झालीच नाही. आज मेंढीची कातरणी तिच्या आरोग्यासाठी करावीच लागते, परंतु अनेक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते आणि जिचे पेळू वळले जात, ती लोकर वाड्याच्या कडेला पडून राहते.