ऊर्जातारांकन, घरगुती वातानुकूलन यंत्रांचे

घरगुती वातानुकूलन यंत्र, म्हणजे बोलीभाषेतील एसी, घेतलेल्या विजेच्या मोबदल्यात किती थंडावा देते हे ग्राहकाला खरेदीपूर्वीच कळावे म्हणून यंत्रावर एक ते पाच ताऱ्यांचे पत्रक लावण्याची भारतातील पद्धत. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने (बीईई) २००६ मध्ये ही योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू केली आणि २०१० पासून ठरावीक वेगाच्या एसींसाठी ती सक्तीची झाली.

एसी थंडावा निर्माण करत नाही, तर खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यामुळे एक युनिट विजेत तीन ते पाच युनिट उष्णता हलवणे त्याला शक्य होते, आणि या दोहोंचे गुणोत्तर हाच तारांकनाचा पाया आहे. प्रारंभी हे गुणोत्तर बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरून, यंत्र पूर्ण क्षमतेने चालवून मोजले जाई. इन्व्हर्टर एसी मात्र गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी करून बराच काळ अंशतः भारावर चालतो, आणि त्याचा हा गुण त्या मोजणीत दिसतच नसे. म्हणून आयएसईईआर हे हंगामी गुणोत्तर आले, जे २०१८ पासून सर्वांना लागू आहे. त्यात बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांदरम्यान बदलत राहते आणि यंत्र वर्षाला १,६०० तास चालते, असे गृहीत धरून वर्षभरात काढून टाकलेल्या एकूण उष्णतेला खर्च झालेल्या एकूण विजेने भागतात.

तारे सापेक्ष आहेत, ही गोष्ट जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. स्प्लिट एसीला पाच ताऱ्यांसाठी २०१८ मध्ये किमान ४.५० गुणोत्तर लागे, तर जुलै २०२२ पासून ५.०० लागू लागले, परिणामी ४.६० गुणोत्तराचे तेच यंत्र, त्यातला एक स्क्रूही न बदलता, पाचावरून चार ताऱ्यांवर आले. दोन यंत्रांची तुलना करताना त्यामुळे ताऱ्यांपेक्षा पत्रकावरचे गुणोत्तर, वैधतेचा काळ आणि वार्षिक युनिटांचा आकडा अधिक विश्वासार्ह ठरतो. क्षमता समान असल्यास ३.८० च्या तुलनेत ५.०० गुणोत्तराचे यंत्र तेवढ्याच थंडाव्यासाठी २४ टक्के कमी वीज घेते. दिवसातून दोनच तास, तेही केवळ एप्रिल-मे महिन्यांत एसी लावणाऱ्या घरात या बचतीतून महागड्या यंत्राची जादा किंमत भरून निघायला बरीच वर्षे जातात.

मोजणीला मर्यादाही आहेत. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, तर मुंबई आणि कोकणात तापमान त्या मानाने बेताचे असूनही दमटपणामुळे यंत्राची बरीच शक्ती हवेतील बाष्प काढण्यात खर्ची पडते; देशभरासाठीच्या एकाच सरासरीत हे दोन्ही भेद पुसले जातात. गाळणीत साचलेली धूळ, सदोष जोडणी किंवा खोलीच्या मानाने चुकीचा टनेज यांचा हिशेबही पत्रकात येत नाही. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर असावा, असे बंधन आहे. ते तापमान पुढे कमी करण्याची मोकळीक ग्राहकाला आहेच.

पाणी तापवून साठवणाऱ्या विजेच्या गीझरलाही तारे मिळतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. तेथे जवळजवळ सगळीच वीज उष्णतेत रूपांतरित होत असल्यामुळे त्या रूपांतराची प्रत लावण्यात अर्थ नसतो. तापलेले पाणी नुसते साठून असताना टाकीच्या आवरणातून २४ तासांत किती उष्णता निसटते, यावरून गीझरचे तारे ठरतात.