एकाच दिवसाचीं दोन वर्तमानें

सन २०१६ च्या एप्रिल महिन्याची १२ तारीख लातूरकर सहसा विसरणार नाहींत. त्या दिवशीं पहांटे मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरच्या स्थानकांत येऊन उभी राहिली. गाडीला १० वाघिणी होत्या व त्यांत मिळून सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. मांजरा धरण आटून गेलें होतें, आणि पाणी भरण्याच्या जागीं दंगेधोपे होऊं नयेत म्हणून आदल्याच महिन्यांत शहरांत जमावबंदीचा हुकूम निघाला होता. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं दिल्लींत हवामानखात्यानें येत्या पावसाळ्याचा आपला पहिला अंदाज जाहीर केला: देशांत सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल! दुसऱ्या दिवशीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें आयपीएलचे क्रिकेटचे सामने ३० एप्रिलनंतर महाराष्ट्राबाहेर खेळवावे, असा आदेश दिला. त्या दोन दिवसांचीं वर्तमानपत्रें शेजारीं शेजारीं मांडलीं तर तहान, सुकाळ आणि खेळाचीं हिरवीं मैदानें हीं एकाच पंगतीस बसलेलीं दिसतात. त्यांतलें कोणतेंहि वर्तमान खोटें नव्हतें. पण हीं सर्व एकदम वाचणाऱ्या निलंगा किंवा कंधार तालुक्यांतल्या शेतकऱ्यानें त्यांतून काय बोध घ्यावा, हा प्रश्न तेव्हां कोणी विचारला नाहीं. तो आम्हीं येथें विचारूं इच्छितों.

ही सरमिसळ आजची नव्हे. गुढीपाडव्यास देवळांत किंवा चावडींत जोशीबुवा नव्या पंचांगांतील वर्षफल वाचून दाखवीत व गांव तें कान देऊन ऐके. मेघ कोणता, नक्षत्राचें वाहन कोणतें, पाऊस किती, हें सर्व त्यांत येई. या वर्षफलास शास्त्राचा आधार नव्हता हें उघड आहे. परंतु त्यांत एक गोष्ट अशी होती कीं तिचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. पंचांगकर्ता पावसाची नुसती बेरीज सांगून थांबत नसे. समुद्रावर इतके भाग, पर्वतावर इतके व भूमीवर इतके, अशी त्याची वांटणीहि करून देई. आंकडे कल्पित असले, तरी वर्षभराचा सगळा पाऊस आपल्याच शेतावर पडावयाचा नाहीं, एवढें शहाणपण तो श्रोत्यांच्या पदरीं टाकी. १०६ टक्क्यांच्या वर्तमानांत नेमकी ही वांटणीच नव्हती.

शास्त्रीय अंदाजाचा जन्महि दुष्काळांतूनच झाला. १८७५ सालीं हिंदुस्थानांत हवामानखातें स्थापन झालें आणि पुढल्याच वर्षीं दख्खनांत तो भयंकर दुष्काळ सुरू झाला, जो १८७८ पर्यंत हटला नाहीं. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फाचा आणि पावसाळ्याचा संबंध जोडला: बर्फ फार, तर पाऊस कमी. या आधारावर १८८६ पासून दरसाल अंदाज प्रसिद्ध होऊं लागले. त्यांच्यामागून आलेल्या एलियट यांच्या कारकीर्दींत १८९९ सालीं चांगल्या पावसाचें भाकीत झालें आणि प्रत्यक्षांत आला तो छप्पन्नचा दुष्काळ. निजामाच्या राज्यांतील मराठी जिल्हे त्यांत होरपळून निघाले. वर्तमानपत्रांनीं खात्याची अशी संभावना केली कीं, पुढें कांहीं वर्षें हे अंदाज गुप्त ठेवण्यांत येऊन केवळ सरकारी अधिकाऱ्यांकडे जात. चुकीचा अंदाज लोकांना कळण्यापेक्षां अंदाजच कळूं नये, हा त्यावर काढलेला उपाय! रोगापेक्षां औषध जालीम म्हणतात तें हेंच.

आतां या इतिहासाची दुसरी, दूरदेशींची बाजू पाहूं. १८९६ सालीं दख्खनांत पुन्हां पावसानें दगा दिला. त्याच सालीं स्टॉकहोम येथें आऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञानें कोळसा जाळल्यानें हवेंतील कर्बवायु वाढला तर पृथ्वीचें उष्णतामान किती वाढेल, याचें गणित मांडलें. आज आपण ज्याला हवामानबदल म्हणतों त्याच्या शास्त्राचा हा एक पायाच होय. पण या गणिताकडे खुद्द गणित्यानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें? पुढें सामान्य वाचकांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें आशा व्यक्त केली कीं, यामुळें पृथ्वीवरील थंड प्रदेशांना अधिक सुखावह हवा लाभेल. १९३८ सालीं कॅलेंडर या इंग्रज इंजिनियरानें उष्णतामान खरोखरच वाढत आहे असें दाखविलें, तेव्हां त्यानेंहि ही गोष्ट हिताचीच मानली. उत्तरेकडे शेतीची सीमा सरकेल, हिमयुग लांबेल, असा त्याचा हिशोब. स्वीडनमध्यें किंवा इंग्लंडांत बसून पाहणाऱ्यास तें स्वाभाविकच होतें. ऊब ही त्यांच्या भाषेंत मायेची आणि स्वागताची खूण आहे.

आम्हीं नांदेडला इंग्रजी वाङ्मय शिकवीत असतां हा भेद प्रत्यक्ष अनुभवला आहे. शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध सुनीतांत कवि प्रियेला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा द्यावी कीं काय, असा विचार करतो. मे महिन्यांतल्या जादा तासाला ही कल्पना समजावून सांगूं लागलों कीं, वर्गांत हटकून हंशा पिके. एका विद्यार्थ्यानें तर विचारलें, "सर, त्यांचं भांडण झालं होतं का?" त्याचें चुकलें कोठें? आमच्या भाषेंत ताप म्हणजे ज्वर, ताप म्हणजे उपद्रव, आणि ताप म्हणजेच उष्णता. सुख झालें तर आमचें काळीज थंड होतें आणि देवालाहि आम्ही शीतल छाया मागतों. ज्या भाषेच्या हाडींमासीं उन्हाचें भय इतकें मुरलें आहे, तिच्या वर्तमानपत्रांत तरी उन्हाळ्याविषयीं गोंधळ नसावा, असें कोणासहि वाटेल.

पण तो आहे. एप्रिल उजाडला कीं पहिल्या पानावर सूर्य आग ओकूं लागतो, पारा भडकतो, नागरिक हैराण होतात. आणि आंतल्या पानावर विहिरींत सूर मारणाऱ्या मुलांचें, कलिंगडांच्या राशीचें, रसवंतीवरच्या गर्दीचें छायाचित्र असतें. त्याखालीं वातानुकूल यंत्रांची जाहिरात. इंग्रजी पत्रांत समुद्रकिनारा असतो, आमच्यांत रसवंती असते, एवढाच फरक. मुलांनीं पोहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. उन्हाळ्याची सुटी ही मराठी घरांतील आनंदाची ठेव आहे. मात्र उसाच्या त्या गार पेल्यावर क्षणभर थांबावेंसें वाटतें. ज्या मांजरेच्या खोऱ्यांत पिण्यास पाणी उरलें नाहीं, त्याच खोऱ्यांत ऊस आणि साखरकारखाने वाढले आणि वर्षभर पाणी मागणारें तें पीक अवर्षणप्रवण जिल्ह्यांत रुजलें. हें मनुष्याचें करणें आहे, निसर्गाचें नव्हे. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या दोन सालीं पाऊस हुकला हें खरें. पण लातूरची तहान सबंध आभाळावर लोटणें म्हणजे हिशोबाची अर्धी वही फाडून टाकणें आहे. पूर्वीं दैवाला बोल लावीत. आतां हवामानबदलाला लावतात. हवामानबदल ही सत्य गोष्ट आहे, म्हणूनच तिचा असा उपयोग होऊं देतां कामा नये.

याहूनहि फसवा शब्द 'दिलासा' हा आहे. मार्चएप्रिलमध्यें ढग येऊन सरी पडल्या कीं, अवकाळी पावसानें उकाड्यापासून दिलासा दिला असें मोठ्या अक्षरांत छापतात. हा दिलासा कोणाला? २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत मराठवाड्यांत गारपीट झाली, तेव्हां काढणीस आलेला गहू, हरभरा, ज्वारी आणि फळबागा झोडपून निघाल्या, जनावरें दगावलीं. शहरांतला पंखा ज्या पावसानें बंद होतो, त्याच पावसानें खेड्यांतलें खळें बुडतें, आणि बातमी मात्र पंख्याच्या बाजूनें लिहिली जाते.

शब्दांचा घोळ शास्त्राच्या परिभाषेंतहि आहे. मैदानी प्रदेशांत कमाल उष्णतामान निदान ४० अंश असून नेहमींपेक्षां ४.५ अंशांनीं अधिक असेल, किंवा तें ४५ अंशांवर जाईल, तरच हवामानखातें त्यास 'उष्णतेची लाट' म्हणतें. नांदेडला मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असणें हाच नेम. म्हणून ४३ अंशांच्या दिवशीं वर्तमानपत्र लाट आली म्हणतें व खातें नाहीं म्हणतें. दोघेंहि आपापल्या परीनें बरोबर! रस्त्यावर खडी पसरणाऱ्या मजुराला या वादांत रस नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथील सोहळ्यांत उन्हानें माणसें मेलीं, त्या दिवशीं तर पारा चाळिशीच्या खालींच होता.

अशा गोंधळांत विश्वास कोणावर ठेवावयाचा? दरवर्षीं अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळची घटमांडणी होते, आणि तिचें भाकीत व हवामानखात्याचा अंदाज एकाच तोलानें छापले जातात. आम्ही त्या परंपरेची थट्टा करूं इच्छीत नाहीं; तोल सारखा धरणाऱ्या संपादकाविषयीं मात्र आमची तक्रार आहे. २०१७ सालीं खात्यानें देशांत ९८ टक्के पाऊस सांगितला. मराठवाड्यांत जूननंतर खंड पडला, पेरण्या करपल्या, आणि जुलैंत बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्याच्या शेतकऱ्यांनीं हवामानखात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदविली. बियाणें व औषधें विकणाऱ्या कंपन्यांशीं संगनमत करून खोटा अंदाज दिला, असा त्यांचा आरोप. आरोप खरा मानण्यास आम्हांस कांहीं आधार दिसत नाहीं. पण दुबार पेरणीचें बियाणें उधारीनें आणणाऱ्या माणसाला सबंध देशाची सरासरी म्हणजे आपल्या शिवाराचें वचन वाटलें, आणि तसें वाटावें अशाच रीतीनें तें त्याच्या हातीं पडलें, एवढें खरें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, हा कृषिखात्याचा साधा उपदेश. तो आंतल्या पानावर एका कोपऱ्यांत असतो.

२०१६ चें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. पाण्याची गाडी पुढें ५० वाघिणींची झाली, तिच्या ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक खेपा झाल्या. मिरज, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाईट रेल्वेचाच मार्ग. १८९७ सालीं सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी १९११ सालीं लातूरला व १९२७ सालीं मिरजेला पोंचली, आणि तिनें लातूरची बाजारपेठ उभी केली. ज्या वाटेनें एकेकाळीं येथला माल बाहेर गेला, त्याच वाटेनें पाणी आंत आलें. देशांत त्या वर्षीं अखेर ९७ टक्केच पाऊस झाला. म्हणजे अंदाज चुकला. मराठवाड्यांत मात्र सरासरीहून अधिक झाला. सप्टेंबरच्या शेवटीं लातूर-नांदेडकडे पूर आले, आणि मांजरा धरण भरलें. देशाचा आंकडा चुकला तेव्हां आमचें साधलें, आणि पुढल्या सालीं तो जवळपास साधला तेव्हां आमचें बिनसलें.

२०२५ सालीं तर उलटाच प्रकार घडला. मोसमी पाऊस २४ मे रोजींच केरळांत आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर इतका ओला मे महिना झालेला नव्हता. मे महिन्यांत गारवा पाहून पुष्कळांनीं, आणि आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थांनींहि, 'कुठें गेली ती तुमची तापमानवाढ?' असा टोमणा मारला. आदलें २०२४ हें साल देशांतील आजवरचें सर्वांत उष्ण नोंदलें गेलें होतें, आणि हवा एका अंशानें तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरते, हें आम्हीं त्यांस सांगून पाहिलें. त्यांनीं खिडकीबाहेर बोट दाखविलें. ऑगस्टमध्यें नांदेड जिल्ह्यांतील मुखेड तालुक्यांत एका रात्रींत गांवें पाण्यांत गेलीं, लष्कर बोलवावें लागलें. सप्टेंबरांत सबंध मराठवाड्याचें सोयाबीन कुजलें.

२०२१ पासून हवामानखातें देशाच्या एका आंकड्याबरोबर नकाशाहि प्रसिद्ध करतें. कोणत्या भागांत पाऊस कमी-अधिक होण्याचा संभव किती, हें त्यांत रंगांनीं दाखविलेलें असतें. जोशीबुवांची ती वांटणीच म्हणा ना, पण गणितानें केलेली. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आंकडा येतो. नकाशा आमच्या पाहण्यांत क्वचितच आला, आणि आला तेव्हां तो टपालाच्या तिकिटाएवढा होता. त्यांत मुखेड शोधावयास आम्हांस भिंग घ्यावें लागलें.