सायकलीचें रूप आणि रस्त्याचा न्याय

बाजारांत बैल घ्यावयास गेलेला शेतकरी किंमत विचारण्यापूर्वीं बैलाभोंवतीं एक फेरी मारतो. शिंगांचा घेर, वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा, हें सारें तो मुकाट्यानें पाहून घेतो. जुन्या काळीं घोड्यांच्या बाबतींत तर या पाहण्याचें शास्त्रच बनलें होतें. अंगावरील भोंवरा शुभ कीं अशुभ याचा निर्णय झाल्याशिवाय जाणता सरदार घोडा पागेंत बांधीत नसे. या परीक्षेंत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असत. खूर पाहणें हें अनुभवाचें ज्ञान होतें. भोंवरा पाहणें हा केवळ समज होता. पाहणाराच्या मनांत मात्र या दोहोंमध्यें सीमारेषा नसे. पुढें रस्त्यावरील घोड्याच्या जागीं सायकल आली आणि ही जुनी परीक्षा, तिच्यांतील ज्ञानासह आणि समजासह, सायकलीच्या वांट्यास आली. इंग्लंडमधील हौशी शर्यतवाल्यांनीं विशेषतः १९३० ते १९५० या वीस वर्षांत एकमेकांच्या सायकलींचें रूप ज्या बारकाईनें न्याहाळलें, त्याची हकीकत मनोरंजक आहे. आणि त्या न्याहाळण्यांतून जो कलह उद्भवला, तो विचार करावयास लावणारा आहे.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ज्या विलायती सायकली घरोघर परिचयाच्या झाल्या, त्या नॉटिंगहॅमच्या रॅले किंवा बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस कारखान्याच्या होत्या. काळा रंग, भक्कम मडगार्ड, आडवें हँडल आणि मागें कॅरिअर, असें त्यांचें संसारी रूप असे. शर्यतीची सायकल ही त्यांच्याच जातीची, परंतु निराळ्या वळणाची. तिचें हँडल मेंढ्याच्या शिंगासारखें खालीं वळलेलें, टायर बोटभर जाडीचे, आणि अंगावर अनावश्यक असें कांहींच नाहीं. जेथें वस्तूंची संख्या थोडी, तेथें प्रत्येक वस्तूकडे लक्ष जातें. संसारी सायकल बिघडली तरच तिच्याकडे पाहिलें जाई. शर्यतीची सायकल नुसती भिंतीला टेकलेली असली तरी तिच्याभोंवतीं चार माणसें जमत.

डोळ्यानें दिलेला निकाल किती फसवा असूं शकतो, याचा अनुभव सायकलीच्या बाल्यावस्थेंतच आलेला होता. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनीं सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागील चाकास साखळीनें गति देणारी ‘रोव्हर’ सायकल पुढें आणली. पुरुषभर उंचीच्या चाकावर बसून मिरविणाऱ्या तरुणांस ती बुटकी आणि पौरुषहीन वाटली. परंतु पुढील कांहीं वर्षांतच उंच चाक इतिहासजमा झालें आणि आजची सायकल त्या बुटक्या गाडीच्याच वंशांतील आहे. त्यानंतर बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं हवेनें फुगविलेल्या टायरचें पेटंट घेतलें. १८८९ च्या मे महिन्यांत विली ह्यूम नांवाचा शर्यतवाला असे टायर लावलेली सायकल घेऊन बेलफास्टच्या मैदानांत उतरला, तेव्हां ते सुजल्यासारखे दिसणारे टायर पाहून लोकांना हंसूं आवरेना. ह्यूमनें त्या दिवशींच्या शर्यती जिंकल्या आणि हंसणारांचीं तोंडें बंद झालीं. भरीव रबराच्या टायरांचे दिवस तेथेंच भरले.

पुढील हकीकत समजण्यासाठीं इंग्लंडमधील एका चमत्कारिक परिस्थितीची ओळख करून घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रस्त्यांवर घोडागाड्यांची वर्दळ होती, आणि घोळक्यानें भरधांव जाणाऱ्या सायकलस्वारांमुळें घोडे बुजत. पोलिसांचा रोष ओढवून सायकलींवरच बंदी येईल, या भीतीनें नॅशनल सायकलिस्ट्स युनियन या नियामक संस्थेनें सार्वजनिक रस्त्यांवरील सामुदायिक शर्यतींना मनाई केली. फ्रान्स, बेल्जम आणि इटली या देशांत शहराशहरांमधून शर्यती धांवत असतांना इंग्लंडचे रस्ते मात्र शर्यतवाल्यांना बंद झाले. यावर फ्रेडरिक टॉमस बिडलेक प्रभृतींनीं युक्ति काढली. प्रत्येक स्वारानें एकट्यानें, घड्याळाशीं शर्यत करावी. एकामागून एक, मिनिटामिनिटाच्या अंतरानें सुटावें. अशी पहिली शर्यत नॉर्थ रोड क्लबनें १८९५ च्या ऑक्टोबरमध्यें पन्नास मैलांच्या अंतरावर घेतली. पुढें हीच इंग्लंडची रूढ पद्धत झाली. पहांटे, गांव जागें होण्यापूर्वीं शर्यत सुरू होई. मार्गाचें नांव सांकेतिक अक्षरांनीं लिहिलेलें असे, कार्यक्रमपत्रिकेवर ‘खाजगी’ असा शेरा असे, आणि कोणाच्या नजरेंत भरूं नये म्हणून स्वार गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालीत. शर्यत तर व्हावी, पण ती शर्यत आहे असें कोणास दिसूं नये, असा हा सारा प्रकार होता.

माणसाला मिरविण्याची मनाई झाली म्हणजे मिरविण्याची हौस मरत नाहीं. ती दुसरी वाट शोधते. स्वाराच्या अंगावर काळ्या रंगाची सक्ती होती. सायकलीच्या अंगावर नव्हती. त्यामुळें सारी हौस सायकलीवर उतरली. शर्यतवाले बहुतांशीं कारकून, कारागीर, गिरणी-कारखान्यांतील तरुण असे होते. आठवडाभर धूर आणि हिशेब यांत घालवून ते रविवारी क्लबबरोबर खेड्यापाड्यांत जात. शर्यतीचीं हलकीं चाकें पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस बांधून न्यावयाचीं, शर्यतीच्या जागीं तीं चढवावयाचीं, मडगार्ड आणि सामानाची पिशवी काढून ठेवावयाची, आणि शर्यत संपली कीं पुन्हां सारें पूर्ववत् करून त्याच सायकलीवरून घरीं परतावयाचें, असा त्यांचा क्रम असे. एकच सायकल वाहन, शर्यतीचा घोडा आणि दागिना, असें तिहेरी काम करी. वाटेंतील चहाच्या दुकानाच्या भिंतीला सायकली टेकल्या कीं परीक्षेस आरंभ होई.

ही परीक्षा अडाण्याची नव्हती. पोलादी नळ्यांचा सांगाडा जेथें सांधला जातो, तेथें ‘लग’ नांवाच्या बाह्या बसवून त्या पितळेनें झाळलेल्या असत. लगची कडा कानसीनें किती पातळ केली आहे, पितळ सर्वत्र सारखें उतरलें आहे कीं कोठें ठिबकून राहिलें आहे, हें जाणता माणूस क्षणांत पाही; कारण निष्काळजीपणें तापविलेला सांधा उतारावर दगा देण्याचा संभव असे. नळ्या कोणत्या, हाहि प्रश्न असे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्यानें टोंकांशीं जाड आणि मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट १८९७ सालींच घेतलें होतें. ज्या सांध्यावर ताण पडतो तेथें धातु अधिक आणि मध्यें वजन कमी, हें तिचें मर्म. १९३५ सालीं त्याच कारखान्यानें ‘५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी बाजारांत आणली आणि तिची छोटी पट्टी सांगाड्यावर असणें ही प्रतिष्ठेची खूण झाली. येथवर डोळा खूर पाहत होता, असें म्हणतां येईल.

परंतु त्याच वेळीं भोंवरेहि पाहिले जाऊं लागले. शर्यतवाला हौशी, म्हणजे पैशासाठीं न धांवणारा असला पाहिजे, यावर नियामक संस्थांचा मोठा कटाक्ष होता. त्यानें कोणत्याहि कारखान्याची जाहिरात करूं नये. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत सायकलीवरील कारखान्याचें नांव दिसूं नये, येथपर्यंत ही दक्षता गेली होती. नांव दाखवितां येत नाहीं तर सायकल नांवाशिवाय ओळखूं आली पाहिजे, असा विचार लंडनच्या आणि इतर ठिकाणच्या छोट्या कारखानदारांनीं केला, असा खुलासा सामान्यतः दिला जातो. रशियांतून लंडनला येऊन स्थायिक झालेले हायमन हेचिन यांच्या सायकलींच्या मागील नळ्यांना १९३० नंतरच्या दशकांत नागमोडी बाक देण्यांत आला. बेट्स यांच्या सायकलीचा पुढील फोर्क दोनदां वळलेला असे. ब्रॅडफर्डच्या बेन्स यांनीं मागील चाक स्वाराच्या इतकें खालीं आणलें आणि आसनाखालील नळी अशी उभी केली, कीं सांगाडा कुंपणाच्या फाटकासारखा दिसूं लागला. लोकांनीं तिला ‘उडतें फाटक’ हेंच नांव दिलें. हेचिन यांच्या नागमोडी नळ्यांमुळें रस्त्याचे हादरे कमी लागतात, असें कारखान्याचें म्हणणें होतें. टीकाकार म्हणत, कीं त्रिकोणांत जखडलेली आंखूड पोलादी नळी बाकामुळें कितीशी लवणार? वाद मिटला नाहीं; पण दूरवरून दिसलेली वळणदार नळी पाहून ‘हेचिन्स आली’ असें पोरसुद्धां सांगूं लागलें, आणि कारखानदाराचा हेतु तडीस गेला.

या सौंदर्यदृष्टीला हळूहळू नीतीचें रूप येऊं लागलें, आणि तेथून कलहास आरंभ झाला. इंग्रज शर्यतवाल्याची सायकल बहुधा एकाच गिअरची, आणि पायडल चाकाबरोबर सतत फिरणारी असे. साखळी एका दांतेरी चक्रावरून दुसरीवर सरकविणारी गिअरची योजना फ्रान्समध्यें पुष्कळ पूर्वींपासून माहीत होती. सेंत-एतियेन येथील पॉल द व्हिव्ही यांनीं तिचा हिरीरीनें पुरस्कार केला होता. परंतु तूर द फ्रान्स या सुप्रसिद्ध शर्यतीचे जनक आंरी देग्रांझ यांच्या दृष्टीनें तें दुबळ्यांचें साधन होतें, आणि त्या शर्यतींत तें १९३७ सालापर्यंत निषिद्ध राहिलें. यंत्र कसें चालतें यापेक्षां तें पुरुषाला शोभतें कसें, हा प्रश्न मोठा ठरला. आंतरराष्ट्रीय संस्थेची दृष्टीहि याहून निराळी नव्हती. १९३३ च्या जुलै महिन्यांत फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या स्वारानें पाठीवर रेलून चालविण्याच्या सायकलीवर तासाभरांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें आणि १९१४ पासून अबाधित असलेला ऑस्कर एग यांचा ४४.२४७ किलोमीटरचा उच्चांक मागें टाकला. तेव्हां १९३४ सालीं त्या संस्थेनें सायकलीची व्याख्याच अशी केली, कीं फोरची गाडी सायकल ठरूं नये. ती शर्यतींतून कायमची बाद झाली.

इंग्लंडमध्यें या गोष्टीला तोंड फुटलें तें महायुद्धाच्या ऐन धामधुमींत. वुल्व्हरहॅम्प्टनचे पर्सी स्टॅलर्ड हे १९३३ सालीं जागतिक शर्यतीसाठीं फ्रान्सला जाऊन आले होते आणि घोळक्यानें धांवण्याचा अनुभव नसल्यामुळें इंग्रज स्वार तेथें कसे मागें पडतात, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. पेट्रोलच्या टंचाईनें रस्ते मोकळे झालेले पाहून त्यांनीं ७ जून १९४२ रोजीं लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामुदायिक शर्यत भरविली. पोलिसांनीं विरोध केला नाहीं, सहकार्य केलें. शेवट पाहण्यास मोठा जमाव लोटला. उत्पन्न सैनिकांच्या साहाय्यनिधीला गेलें. ज्या भीतीनें पन्नास वर्षें मनाई चालली होती, ती भीति एका दिवसांत खोटी ठरली. नियामक संस्थेनें मात्र भाग घेणारांना निलंबित केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस बहिष्कृतांनीं ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायकलिस्ट्स ही स्वतंत्र संस्था काढली.

यानंतर सायकलीकडे टाकलेली नजर म्हणजे पक्षाची चौकशी झाली. बदलते गिअर, हँडलावर अडकविलेली पाण्याची बाटली, खांद्यांवरून गुंडाळलेला जादा टायर, रंगीबेरंगी बनियन आणि काळा चष्मा दिसला, कीं हा ‘लीगवाला’ असें समजावें. एक गिअर, मडगार्ड, कातडी आसनामागची पिशवी आणि साधे कपडे दिसले, कीं हा जुन्या संस्थेचा. लीगवाल्यांस जुन्या मंडळींची सायकल मिशनऱ्याच्या गाडीसारखी निस्तेज वाटे. जुन्या मंडळींस लीगवाल्यांची सायकल नाटकी आणि परदेशी नकलेची वाटे. लंडनच्या पॅरिस नांवाच्या कारखान्यानें ‘गॅलिबिए’ हें आल्प्स पर्वतांतील घाटाचें नांव आपल्या सायकलीला दिलें, यांतहि हीच ओढ दिसते. ज्यानें तो घाट कधीं पाहिला नव्हता, त्यालाहि त्या नांवाची सायकल घेऊन मोकळ्या रस्त्याचें स्वप्न पाहतां येत होतें.

हा कलह सतरा वर्षें चालला. दोन्ही संस्थांची शक्ति एकमेकांवर बंदी घालण्यांत खर्ची पडली, आणि तरुण स्वारांना उमेदीच्या वर्षांत एक दार निवडून दुसरें बंद करून घ्यावें लागलें. पण काळ लीगच्या बाजूला होता. सामुदायिक शर्यतींना कायद्याची मान्यता मिळाली. १९५५ सालीं ब्रिटिश संघ तूर द फ्रान्समध्यें उतरला. आणि १९५९ सालीं दोन्ही संस्था एकत्र येऊन ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन स्थापन झालें. स्टॅलर्ड यांना ही तडजोड रुचली नाहीं. मोकळ्या रस्त्याचा हक्क मिळाला असतांहि आपली लीग विसर्जित व्हावी हें त्यांस अखेरपर्यंत सलत राहिलें.

आज मागें वळून पाहतां दोन्ही पक्षांच्या निकालांचें काय झालें, हें स्पष्ट दिसतें. दुबळ्यांचें साधन म्हणून हिणविलेला बदलता गिअर आज जगांतील प्रत्येक मोठ्या रस्ता-शर्यतींत आहे. हेचिन यांच्या नागमोडी नळ्यांनीं वेग वाढला असें सिद्ध झालें नाहीं. तरी त्या सायकली आज संग्राहक जपून ठेवतात, त्या नळीवरील हाताच्या कामासाठीं. रस्त्यानें उपयोगाचा न्याय केला, काळानें कारागिरीचा. मधल्या काळांत एकमेकांच्या सायकलींवरून माणसांविषयीं जे निकाल दिले गेले, त्यांपैकीं मात्र एकहि टिकला नाहीं.

बाजारांतील शहाणा शेतकरी बैलाभोंवतीं फेरी मारतो, पण तेथेंच व्यवहार पुरा करीत नाहीं. शिंगें आवडलीं तरी आणि भोंवरा नावडला तरी तो बैलाला एकदां जुंपून चार पावलें चालवून पाहतो.