खणांचं घर

शनिवारवाड्यात पहिल्यांदा जाणारा हमखास विचारतो: वाडा कुठाय? तट आहे, बुरुज आहेत, आत नुसती जोती. १८२८च्या आगीत लाकूडकाम जळालं आणि त्याच्याबरोबर वाडाच गेला. आमचं घर पाडायचं का, यावरून चुलतभावाशी वाद सुरू झाला तेव्हा मला ती जोती आठवली.

आमचा वाडा पुण्यातच, नदीकाठच्या पेठेत. बिल्डरचा माणूस भिंतीच्या चिरा दाखवून म्हणाला, "संपलंय हे."

पण जुना वाडा भिंतींवर उभा नसतो. दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचं माप खणांतच सांगत. भिंत या सांगाड्यात नंतर भरायची. आजच्या इमारतीत कॉलम-बीम जे काम करतात, ते इथे लाकूड करतं.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि काठच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. आमचीही मागची भिंत गेली. आजी सांगायची, वरचा मजला मात्र खांबांवर तसाच उभा होता. आजोबांनी नवी भिंत घातली, वर सिमेंटचा गिलावा केला. त्यात खांबही झाकले गेले. भाडी १९४७च्या कायद्याने गोठलेली, त्यामुळे पुढे दुरुस्तीला पैसाच उरला नाही.

गेल्या वर्षी सुतारकाकांनी तो गिलावा फोडला. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. आठांपैकी तीन खांबांची बुडं कुजून भुसा झाली होती. पुराने जे केलं नाही, ते आमच्या दुरुस्तीने केलं.

वरचं लाकूड मात्र टणक. काकांनी तुळईखाली जॅक लावले, कुजलेला हातभर भाग कापला आणि जुन्याच सागाचा तुकडा खाच पाडून सांधला. उरलेल्या पाच खांबांना हात लावावा लागला नाही. भिंतीला पुन्हा चुना.

चुलतभाऊ अजून पुरता राजी नाही. त्याला एवढंच विचारलं: घर संपलंय, तर जुना लाकूडवाला तुळयांना एवढा भाव का लावून गेला?

तुमच्याकडे असं घर असेल, तर चीर बघून ठरवू नका. आधी खांबाचं बूड उघडून बघा.