चरीचा शेतकरी संप (१९३३–३९)
कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांचा खोती (सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी) व सावकारीविरुद्धचा लढा. भात पिकवायचे कुळाने आणि मोठा वाटा न्यायचा खोताने, ही रीत मोडण्यासाठी अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचे ठरले. लोकांनी मोळ्या विकून पोट भरले, पण सुमारे सहा वर्षे नांगर धरला नाही. असा निर्धार विरळाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली; कसणाऱ्याच्या मालकीसाठी मात्र कूळ कायद्याने कुळांना जमिनीचे मालक मानण्याचा दिवस, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, उजाडावा लागला. कूळ नसलेला शेतमजूर या मालकी हक्काबाहेरच राहिला.